मुकुटासमोर

२ फेब्रुवारी

विता,

अक्षर ओळखलंस का? नसेल तर पाकिटावरचं बेटाचं तिकीट बघ. मी देओलिंदा, तुझी धाकटी बहीण. बाबा गेले तेव्हा तुला शेवटचं लिहिलं होतं. त्यात जे जे म्हटलं त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच गैरसमज नको.

पण हे पत्र माझं नाही, आईचं आहे. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून हात तेवढा माझा.

यंदा पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट आपल्या घरी येतोय. फादरनी चिठ्ठ्या उघडल्या आणि ईस्टरनंतरच्या सहाव्या आठवड्याला नाव निघालं, आल्दा तोस्ते. आई चौऱ्याऐंशीची झाली, जन्मात पहिल्यांदा तिची चिठ्ठी निघाली. घरी आल्यापासून नुसती भिंतींकडे बघत होती. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, "या भिंतींना चुना लागेल, देओलिंदा. पवित्र आत्मा काय अशा खोलीत राहील?" लगेच उर्बानोला शिडीवर चढवलं. उर्बानो म्हणजे माझा नवरा. तू त्याला पाहिलेलं नाहीस, तेव्हा सांगते, तो चांगला आहे आणि शिडीला घाबरतो. अमेरिकनांच्या हवाई तळावरच्या आगीच्या बंबावर नोकरीला आहे, तरी घाबरतो.

तर आठवडाभर मुकुट पुढच्या खोलीत राहणार आणि रविवारी आपल्या घरचं माणूस तो डोक्यावर घेणार. आई म्हणते, "विता घेईल." मी म्हटलं, "आई, विता पस्तीस वर्षांत फिरकला नाही." तर म्हणते, "म्हणून तर त्याला वेळेत कळव."

कळवलं.

तुझी शपथ मला ठाऊक आहे, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. जिथं आपला गहू गाडला त्या धावपट्टीवर पाय ठेवणार नाही म्हणालास. बाबांचं शेत तळानं घेतलं, आणि मग बाबा त्याच तळावर गवत कापायला लागले, पगारावर, स्वतःच्याच शेतात. तू भर जेवणात त्यांना अमेरिकनांचा गडी म्हणालास. ते ताटावरून उठले. आणि भूकंपानंतर साहेबांनी काय केलं? अमेरिकनांवर रागावून थेट अमेरिका गाठली! आणि विमान कुठून धरलं? त्याच धावपट्टीवरून! शेजारची बेर्ता अजून हे सांगते आणि हसता हसता तिला ठसका लागतो.

आता तो तळच आवरता घेणार म्हणतात. लिस्बन आणि वॉशिंग्टन दोन्हीकडची समिती मे महिन्यात इथं बेटावर बसणार आहे. उर्बानोची नोकरी टांगणीला आहे, बेर्ताच्या नवऱ्याची आहे, मुलाचीही आहे. टीव्हीवर मंत्री म्हणतात, चर्चा खुल्या मनानं चालू आहे. उर्बानो म्हणतो, माझ्या मनाचंही कुणी विचारा.

येशील ना? आईनं विचारलंय, मी नाही.

देओलिंदा


१९ एप्रिल

विता,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण मुलीबद्दल एक ओळ लिहिली असतीस तर तिकडे तुझ्या गोठ्यातली गाय आटली असती का?

काल फोन आला. पलीकडून एक बाई आपली भाषा बोलत होती, पण अशी, की गोठ्यात गाईंशी बोलून शिकली असावी. "मी मेलनी. वितालिनोची मुलगी. तू माझी आत्या ना?" मी खुर्चीवर बसलेच. तुला मुलगी आहे हे माहीत होतं, पण ती वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्यात आहे आणि समितीच्या बैठकीला अमेरिकनांच्या बाजूनं इथं येणार आहे, हे कुणी सांगायचं? मी म्हटलं, "मुली, तुझ्या बापाला माहीत आहे?" म्हणाली, "आहे. तो बोलत नाहीये माझ्याशी." म्हटलं, वा! म्हणजे तू नक्की आमच्याच घरातली.

आजीला भेटायची रीतसर परवानगी काढलीय म्हणे तिनं. स्वतःच्या आजीला भेटायला परवानगी! पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणाऱ्या माणसांचं असंच असतं, असं उर्बानो म्हणतो.

आईला सांगितलं तर आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "तिला कसला पाव आवडतो विचारलंस का?" आणि मग हळूच, "तुझ्या बाबांचं शेत घेतलं ते हेच लोक ना गं?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "असू दे. नात आपली आहे."

विता, तू शेण काढून तिला शिकवलंस, मला दिसतंय ते. पहाटेची दूधपाळी आणि रात्रीची. तुला अभिमान वाटत असणार आणि रागही येत असणार. दोन्ही एकदम बाळगायची तुझी जुनी सवय आहे. पण आता तरी ये. बापानं मुकुट घ्यायचा आणि मुलगी बाजूला उभी, असं आई मनात सजवून बसलीय. तिच्यापुढे मला नाही म्हणवत नाही.

देओलिंदा


बुधवार, १३ मे

विता,

सकाळचं काम टाकून लिहितेय. काल संध्याकाळी मेलनी आली!

मुकुट रविवारपासून घरात आहे. पुढची खोली बघायला हवी होतीस. पांढऱ्या कागदाच्या पायऱ्या, त्यांवर फुलं, मेणबत्त्या आणि सगळ्यांत वर तो. आई दिवसभर त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दटावते. "हळू बोल. भांडू नकोस. इथं खोटं बोलायचं नाही." तुला आठवतं ना, लहानपणी मुकुट असलेल्या घरात जायचं म्हणजे आपण आधी बाहेर उभं राहून सगळी पापं आठवून घ्यायचो? तू तर एकदा अंडी चोरल्याचं दारातच कबूल केलं होतंस, कुणी विचारलंही नव्हतं.

तर तुझी लेक. उंची आईची असावी, हनुवटी तुझी, हट्टी. फादरना सरळ "तू" म्हणाली आणि फादर इतके खूश झाले की संध्याकाळची रोझरीची प्रार्थना लांबली. मडक्यातलं मांस केलं होतं, आदल्या दिवसापासून चुलीवर वाइनमध्ये मुरवलेलं. तीनदा घेतलं. बेर्ता मला कानात म्हणाली, "खाते आपल्यासारखी, चालते त्यांच्यासारखी."

सगळे गेल्यावर मी भांडी आवरत होते. आई आणि ती मुकुटासमोर दोघीच होत्या. दार उघडं होतं, म्हणून कानावर आलं. आई नवस बोलायला निघाली होती. उर्बानोची आणि गावातल्या मुलांची नोकरी वाचली तर रविवारी घरापासून चर्चपर्यंत गुडघ्यांवर जाईन, असा. त्या गुडघ्यांवर, विता! ज्यांना जिना चढवत नाही!

मेलनीनं तिचे हात धरले. "आजी, नको. हा नवस बोलू नकोस."

"का गं?"

ती मुकुटाकडे बघत राहिली. आईनं पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, "ठरलंय सगळं. बैठकीआधीच ठरलंय. टेबलाच्या दोन्ही बाजूंना माहीत आहे. शुक्रवारी फक्त वाचून दाखवायचं आहे. तू गुडघे फोडून घेऊ नकोस, आजी. काही उपयोग नाही." आणि रडायला लागली. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी नळ सोडला, आवाज व्हावा म्हणून.

जाताना ती मला दारात म्हणाली, "आत्या, मी हे बोलायला नको होतं." मी म्हटलं, "मला काही ऐकू आलं नाही, नळ चालू होता." हसली. तुझ्यासारखी, एका बाजूनं.

उर्बानोला मी सांगितलेलं नाही. तो शुक्रवारसाठी शर्टाला इस्त्री करून ठेवतोय.

तोच दिवस, संध्याकाळी

टपाल गेलं नव्हतं, म्हणून पुढे लिहिते. विता, वाईट झालं.

रोझरी संपली आणि बेर्ता आईसमोर गुडघ्यांवर बसली. तिला वाटलं असणार, हीच वेळ. "आल्दामावशी, नात एवढी मोठी अधिकारी. काही बोलली का? माझा नवरा जेवत नाही, पोराचं लग्न थांबलंय. आमचं काही होईल का?"

मी मागून म्हटलं, "बेर्ता, अगं ती काय सांगणार, पोर आहे." आईनं हातानं मला गप्प केलं. मुकुटाकडे पाहिलं. तिला दिसत नाही, पण तो कुठं आहे ते तिला माहीत आहे. ओठ हलत होते. मला वाटलं, जप करतेय. मग म्हणाली, "बेर्ता, इथं मला खोटं बोलता येणार नाही. ठरलंय सगळं, बाई. आधीच ठरलंय. शुक्रवारी नुसतं वाचणार आहेत."

कुणी ओरडलं नाही. मेणबत्त्या फडफडत होत्या आणि लोक एकेक करून मुकुटाला ओठ लावून बाहेर पडत होते. बेर्ताचा पुतण्या रेडिओवर आहे, हे मला तेव्हा आठवलं.

उर्बानो अंगणात उभा होता. मला म्हणाला, "तुला कालपासून माहीत होतं?" मी हो म्हटलं. तोही माझ्याशी बोलत नाहीये. घराण्याचा रोग त्यालाही लागला.


शुक्रवार, १५ मे

विता,

बातम्या तिकडेही पोचल्या असतील. काल सकाळी रेडिओवर आलं, दुपारी लिस्बनच्या वाहिन्यांवर. "अमेरिकन शिष्टमंडळातल्या सूत्राकडून." सूत्र म्हणे! आपल्या घरचं मूल, आणि त्याचं सूत्र झालं. बैठक मोडली. आमचे लोक म्हणतात, आमचा अपमान झाला. तुमचे लोक म्हणतात, विश्वासघात झाला. आणि ठरलं होतं ते तर ठरलेलंच आहे. त्यात कुणी काडी हलवली नाही.

विमानतळाच्या बाहेर गाव उभं होतं. उर्बानो इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता. घोषणा नव्हत्या, नुसते उभे होते. शिष्टमंडळाच्या गाड्या आत गेल्या तेव्हा फक्त एकजण टोपी काढून ओरडला, "मुलीला काही करू नका!" तो बेर्ताचा नवरा. हे तुला कळावं म्हणून लिहिते.

मेलनीला विचारलं तेव्हा तिनं नाकारलं नाही. तिच्यासमोर मुकुट नव्हता, विता, तरी नाकारलं नाही. तिला तातडीनं परत बोलावलंय, आणि ती म्हणते ते काम आता पुन्हा मिळणार नाही. ज्या विश्वासावर ती नोकरी उभी असते तोच गेला. निघण्याआधी दहा मिनिटं घरी आली. गाडीत एक गृहस्थ बसला होता, सारखा घड्याळ बघत होता. आईच्या पायाशी बसून म्हणाली, "आजी, तू बरोबर केलंस." आई तिचा चेहरा चाचपत राहिली. कपाळ, नाक, हनुवटी.

ती गेल्यापासून आईनं काही घेतलेलं नाही. "पोरीचं वाटोळं केलं मी. वितानं शेण काढून उभं केलेलं मी एका वाक्यात पाडलं." तेच तेच. मी म्हणते, आई, तू खरं बोललीस. म्हणते, "ते पवित्र आत्म्याचं झालं. वितानं काय करायचं?"

डॉक्टर येऊन गेला. हृदय थकलंय म्हणाला, आता जे मागेल ते द्या. ती पाव मागत नाही, पाणी मागत नाही. एवढंच विचारते, "विता रागावलाय का?" दिवसभर तेच.

मेलनीनं तुझा नंबर दिलाय. उद्या फोन करते. तुझा राग तुझ्या हक्काचा आहे, मान्य. पण विता, एकदा तिला सांग, राग नाही म्हणून. मनात असो वा नसो. आयुष्यात तुझ्याकडे मी काही मागितलं नव्हतं.

देओलिंदा


रविवार, १७ मे

विता,

काल तू फोन उचललास. आवाज बाबांचा झालाय तुझा.

तू जे बोललास ते मी इथं लिहून ठेवते, म्हणजे उद्या आपल्यात वाद नको. तू म्हणालास, "तिला सांग, माझं शेत अमेरिकनांनी घेतलं आणि माझी पोर तिनं." मी म्हटलं, "विता, ती जातेय." तू म्हणालास, "मला दूध काढायचंय." आणि ठेवलास.

मी पुढच्या खोलीत गेले. आई जागी होती. तिला तुझा निरोप सांगितला. तिनं डोळे मिटले आणि झोपली.

आज मिरवणूक झाली. बँड आला, मुलींनी पांढरे झगे घातले, गोड पावाचे ढीग, सगळं रीतीप्रमाणे. गाव येईल की नाही अशी मला धास्ती होती. सगळे आले. बेर्तानं सकाळपासून माझ्या चुलीवर रस्सा ढवळला आणि मला म्हणाली, "तुझ्या आईमुळे आम्हाला निदान कुणी वेड्यात काढलं नाही." फादरनी विचारलं, मुकुट कोण घेणार? आईनं खुणेनं मला दाखवलं. मी म्हटलं, डोकं दुखतंय, उर्बानो घेईल. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझं डोकं कधी दुखत नाही हे त्याला ठाऊक आहे. तरी काही न विचारता तो पुढे झाला आणि गुडघ्यांवर बसला. मुकुट त्याला लहान होत होता, फादरनी हातानं धरून ठेवला.

संध्याकाळी मुकुट पुढच्या घरी गेला. खोली एकदम मोठी वाटायला लागलीय.

देओलिंदा


२६ मे

विता,

आई गेली. मेलनीनं तुला कळवलंच आहे, पण ते माझ्या हातानंही लिहिलं पाहिजे. गेल्या मंगळवारी दुपारी गेली. खिडकी उघडी होती, बाहेर कुणाची तरी गाय हंबरली, ती म्हणाली, "विताची," आणि मग काही बोलली नाही. तिला गाईही आता तुझ्याच वाटत होत्या.

मेलनी पोचली पुरायच्या आधी. साध्या कपड्यांत, साध्या तिकिटावर, कसली परवानगी न काढता. या वेळी तिला न्यायला गाडी नव्हती, बेर्ताचा मुलगा टेम्पो घेऊन गेला. शवपेटीला खांदा द्यायला चौघं पुढे झाले, तर ही पाचवी. बायका खांदा देत नाहीत म्हणून फादर सांगायला लागले, तिनं त्यांना पुन्हा "तू" म्हटलं, फादर बाजूला झाले. सध्या इथंच आहे. तुझ्या खाटेवर झोपते. सकाळी उठून शेजारच्या गाईंची धार काढते, आणि चांगली काढते.

आता जे रविवारच्या पत्रात लिहिलं नाही ते.

शनिवारी तुझा फोन ठेवून मी खोलीत गेले तेव्हा आईनं विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "राग नाही म्हणाला." ती म्हणाली, "इकडे ये. मुकुटासमोर सांग." विता, मी गेले. पायरीवर हात ठेवला आणि म्हटलं, "तो म्हणाला, आईला सांग, माझा राग नाही. तू खरं बोललीस. मी गव्हाच्या कापणीला घरी येतो."

कापणी कुठून आली तोंडात, मला माहीत नाही. गहू तर इथं आता कुणी पेरतही नाही.

आई म्हणाली, "तू इथं खोटं बोलणार नाहीस." प्रश्न नव्हता तो. मग तिनं माझा हात गालाशी धरला, दोन घोट दूध घेतलं आणि झोपली. नंतरचे सगळे दिवस पुन्हा एकदाही विचारलं नाही, विता रागावलाय का म्हणून. उलट बेर्ताला सांगत होती, "कापणीला येतोय माझा मुलगा."

ती मुकुटासमोर खरं बोलली, तुझ्या पोरीची नोकरी गेली. मी मुकुटासमोर खोटं बोलले, तिला तिचा मुलगा मिळाला. म्हणून रविवारी मला तो डोक्यावर घेववेना. फादरना अजून सांगितलेलं नाही. उर्बानोला सांगितलं. तो आता माझ्याशी बोलतो. म्हणाला, "खोटं कशाला म्हणतेस? अजून व्हायचंय, एवढंच."

तेच तुला सांगायचंय. मला या गावात राहायचंय, याच चर्चमध्ये जायचंय आणि दर वर्षी तो मुकुट कुणाच्या ना कुणाच्या घरात बघायचाय. मला खोटारडी ठेवू नकोस, विता. मी जे बोलले ते खरं करणं फक्त तुझ्या हातात आहे. आईवर राग असेल तर तिच्या मातीवर येऊन काढ, मी मध्ये पडणार नाही. मेलनी म्हणते, तू येणार नाहीस. मी म्हटलं, तू त्याला तीस वर्षं ओळखतेस, मी अंड्यांच्या दिवसांपासून.

कापणी म्हणजे जुलै, विसरला असशील म्हणून सांगते. दिवस कळव. न्यायला उर्बानो येईल, त्याला तोवर वेळच वेळ असेल. आणि त्या धावपट्टीवर पाय ठेवावा लागेल, त्याला माझा इलाज नाही, विमान दुसरीकडे कुठं उतरत नाही. पण उतरशील तेव्हा डाव्या खिडकीतून बघ. कुंपणाजवळ गवत गुडघाभर वाढलंय. तळानं गवत कापणारी माणसं आधीच काढली, आता ते कापायला कुणी नाही. लांबून अगदी गव्हासारखं दिसतं.

तुझी देओलिंदा